सीलच्या नंबराचा फोन

मंगळवार, संध्याकाळ. सुकापूर

आज फोन करायचा नाही, असं सकाळीच ठरवलं होतं. पळस्प्याच्या गोदामात कंटेनर भरला की दाराला सील मीच लावते, त्यावरचा नंबर वहीत लिहिते, फोटोही काढते. तरी घरी आल्यावर जीव थाऱ्यावर नसतो. आकडा चुकला असला तर? मग गेटवरच्या वॉचमनकाकांना फोन. चार महिने, रोज. ते बिचारे टॉर्च घेऊन आवारात उभ्या कंटेनरपाशी जातात, सीलचा नंबर वाचून दाखवतात.

आज मोबाइल उलटा ठेवला. फोटो एकदाच पाहिला. बरं, दोनदा. धडधड हळूहळू कमी झाली, खरंच झाली. आणि मग खोली इतकी शांत झाली की काय करावं कळेना. घरी आल्यावर मी दुसऱ्या कुणाशी बोलते तरी?

तेवढ्यात काकांचाच फोन.

"मॅडम, सील बरोबर हाय. तुमचा फोन नाय आला, म्हणून मीच बघून आलो. तब्येत बरी हाय ना? जेवलात?"

"जेवले," म्हटलं. कुकर अजून लावलेलाच नाही.

उद्या सीलचं विचारायचं नाही. पण मग फोन कशाला केला म्हणून सांगू?