वूच्या हातावरचं दही

आयसेलिन, रविवार, ऑक्टोबर १९८६

शेजारचा वू आज चीनला गेला. इतकी वर्षं इथे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, आता तिकडच्या सरकारात शिरतोय. अविनाश म्हणतो, "बाबा, केवढं मोठं पद मिळालं त्याला. खूश व्हा." कसा होऊ? माझं मोडकंतोडकं इंग्रजी ऐकत संध्याकाळी पायरीवर बसणारा तोच एक. मला काका म्हणायचा, अविनाशच्या मित्रांचं ऐकून.

निघताना त्याच्या हातावर दही ठेवलं. त्याला दूध-दही सोसत नाही, हे घाईत विसरलोच. तरी त्याने सगळं खाल्लं. मी म्हटलं, हे खाल्लं की माणूस सुखरूप परत येतो. हसला. "मग काका, थोडं आणखी द्या." डोळे मात्र ओले होते.

विमानात पोट दुखलं असेल का? आणि तिकडे? राजकारणात तोंडावर खरं बोलून कसं चालेल? त्याला दुसरं येतच नाही.

आत्ता सुनेने विचारलं, "बाबा, उरलेलं दही टाकू?"

तो परत येणार नाही, हे मलाही कळतं. तरी म्हटलं, टाकू नकोस. त्याचंच विरजण लाव.