बत्तीस उरले होते

कोच, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही वाईट माणूस होतात. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे उगाच गहिवर नको. स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या त्या बारमध्ये तुम्ही आम्हा विद्यार्थ्यांना डार्ट्सचे बाण फेकायला शिकवायचात आणि ज्याचा नेम चुकेल त्याच्या सात पिढ्यांचे वाभाडे काढायचात. वेल्समधल्या एका पबच्या मागच्या खोलीत वाढलेले तुम्ही, विशीत टीव्हीवर खेळलात, काही वर्षं चांगलं नाव कमावलंत. मग एका सामन्यात हात वर गेला आणि बाण सुटेचना. या खेळातला हा जुना रोग आहे. बोटं उघडत नाहीत आणि डॉक्टरांना काही सापडत नाही. तो रोग घेऊन तुम्ही बायकोच्या मागे पेनसिल्व्हेनियात आलात आणि आमच्यावर राग काढत बसलात.

मी संख्याशास्त्र शिकत होतो. पाचशे एकपासून खाली येत बरोबर शून्य गाठायचं आणि शेवटचा बाण बोर्डाच्या बाहेरच्या बारीक कड्यातच बसवायचा, जिथे आकडा दुप्पट धरतात, एवढाच खेळ. वजाबाकी मला झोपेतही जमायची, म्हणून तुम्ही माझ्या हातात खडू दिलात. दोन वर्षं मी तुमचे आकडे लिहिले आणि टीममध्ये जागा मिळेल म्हणून वाट बघितली. आई नागपूरहून आली तेव्हा एका दुपारी तिला मोठ्या कौतुकानं बारमध्ये घेऊन आलो. तिनं संत्रा बर्फी आणली होती. तुम्ही दोन वड्या खाल्ल्यात, तोंड पुसलंत आणि सगळ्यांसमोर इंग्रजीत म्हणालात, "याच्या हाताला खडूच शोभतो. बाण तर झुरळ धरावं तसा धरतो." सगळे खो-खो हसले. आईसुद्धा हसली, सगळे हसतायत म्हणून.

"काय म्हणाले रे ते?"

"म्हणाले, मुलगा हुशार आहे."

"चांगले आहेत रे बिचारे. अजून एक वडी दे त्यांना."

मी दिली.

पुढच्याच महिन्यात तुम्ही मला तुमचं गुपित सांगितलंत. माझ्यावर जीव होता म्हणून नव्हे, मी तुमच्या खिजगणतीत नव्हतो म्हणून. फेकताना चेहऱ्याकडे कोणी बघत नसेल तरच तुमची बोटं उघडायची. प्रेक्षक पाठीमागे असतात. समोर, बोर्डाशेजारी असतो तो फक्त आकडे लिहिणारा, आणि त्यानं बोर्डाकडेच बघायचं, खेळाडूकडे कधी वळून बघायचं नाही, असा रिवाज आहे. "तू खांबासारखा उभा राहतोस, म्हणून मला पुन्हा जमायला लागलंय," म्हणालात. मला वाटतं, तुम्ही केलेली तेवढी एकच स्तुती.

मग ती अग्निशमन केंद्राच्या हॉलमधली स्पर्धा आली. जिंकलात तर एकोणीस वर्षांनी पुन्हा व्यावसायिक खेळायला मिळणार होतं. तुम्ही नवीन शर्ट घेतला होता, त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. मीही नाव दिलं होतं आणि पहिल्याच फेरीत हरलो. हरणाऱ्यानं पुढच्या सामन्याचे आकडे लिहायचे, ही तिथली पद्धत. पुढचा सामना तुमचा होता. मी खडू उचलताना तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. "आला बघा आपल्या जागेवर!"

शेवटचा डाव. तुमचे बत्तीस उरलेले, म्हणजे सोळाच्या कड्यात एक बाण. तुमच्या हातात तीन. मी बोर्डाकडे बघत उभा आहे. तुमचा श्वास ऐकू येतोय. आणि मी मान वळवतो.

असा चेहरा मी तोवर कुणाचाच पाहिला नव्हता. परीक्षेच्या हॉलबाहेर उभ्या असलेल्या मुलाचा असतो तसा. हात वर गेला आणि तिथंच राहिला. बाण कसाबसा सुटला आणि बोर्डाच्या खाली भिंतीवर आपटला. मी पुन्हा बोर्डाकडे बघू लागलो. तुम्ही दुसरा उचललात तेव्हा पुन्हा वळलो. तिसऱ्यालाही. पहिल्यांदा तोल गेला असं म्हणता येईल, पण पुढच्या दोन वेळा मी शांत डोक्यानं वळलो. तुमच्या प्रतिस्पर्ध्यानं पुढच्या खेपेला डाव संपवला.

पार्किंगमध्ये तुम्ही मला गाठलंत. शिवी नाही, टोमणा नाही. हळू आवाजात विचारलंत, "तू वळला होतास का रे? माझा हात होता की तू होतास? खरं सांग, मी रागावणार नाही."

मला कळत होतं तुम्ही काय मागताय ते. मी 'हो' म्हणालो असतो तर तुमचा हात शाबूत होता. पुढच्या वर्षी दुसरा कोणी लिहिणारा, पुन्हा प्रयत्न. एका शब्दाचं काम होतं.

"नाही कोच," मी म्हणालो. "मी बोर्डाकडेच बघत होतो."

तुम्ही मान डोलावलीत. विश्वास बसला तुमचा. मग तिन्ही डार्ट्स माझ्या तळहातावर ठेवलेत आणि म्हणालात, "घे. यात तुझा काही दोष नाही." त्यानंतर तुम्ही बाण हातात धरला नाहीत, आणि दोन हिवाळ्यांनी गेलात.

आता ईडन प्रेरी नावाच्या गावात असतो मी. त्याच डार्ट्सनी खेळतो आणि बरा खेळतो. मुलगी विचारते, "बाबा, हू टॉट यू?" मी सांगतो, एक फार मोठा खेळाडू होता. तिला मराठी वाचता येत नाही, तुम्हालाही येत नव्हतं, म्हणूनच तर हे एवढं सगळं सुचलं. कबुली दिली की हलकं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. तुम्ही आत्ता दारात येऊन तोच प्रश्न विचारलात, तर आईची शपथ, मी पुन्हा 'नाही'च म्हणेन.