चटईवरची थाप

जुमुनजिन, ९ नोव्हेंबर १९९३

ति. दादास, हेसुकचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या छावणीवर बर्फ पडायला लागला असेल. इथे बंदरावर माकूळ मासा भरपूर आलाय. आईच्या हाताचा वास साबणानेही जात नाही.

बातमी अशी, की मी शाळेच्या ज्युडो संघात आहे. हसू नकोस. जिला पाठीवर घेऊन तू दवाखान्यात धावायचास, तिने काल सत्तर किलोची मुलगी आपटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी दम्याच्या पंपाचे दोन झटके घे, अंग हळूहळू तापव आणि खुशाल खेळ. पण आमचे प्योन सर पंपाला पांगळ्याची कुबडी म्हणतात. दमा छातीत नसतो, डोक्यात असतो म्हणे. माझा पंप आणि पहिल्या वर्षातल्या मीरेचा, तिलाही दमा आहे, त्यांनी टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवलेत. पहाटे गार वाऱ्यात टेकडी पळत चढायची. अर्ध्यावर छातीत शिट्टी वाजते, मग घशात ओला टॉवेल कोंबल्यासारखं होतं. थांबलं की बांबू. मांड्यांवर एवढे वळ आहेत की आईसमोर कमरेपर्यंतचे मोजे काढत नाही.

तरी सोडवत नाही रे. गळा आवळायच्या डावात मला कुणी हरवत नाही. श्वास तुटला की बाकीच्या मुली घाबरून लगेच चटईवर थाप मारतात, हरले म्हणून. मी लहानपणापासून तिथे जाऊन-येऊन आहे. मला घाई होत नाही.

आईला सांगू नकोस. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
हेसुक

चोरवॉन, २१ नोव्हेंबर

चि. हेसुक हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी ताट भिरकावलं. त्याबद्दल हवालदाराने मला बुटाने तुडवलं. म्हणजे तुझ्या प्योन सरांचा प्रसाद मलाही मिळाला.

आईला वळ दाखव. ज्युडो सोड. नाहीतर एप्रिलमध्ये रजेवर येईन तेव्हा त्या माणसाचे दोन्ही हात कोपरातून मोडीन, मग मला तुरुंगात टाकोत. तुझे ओठ जांभळे पडायचे तेव्हा तुझी नखं माझ्या मानेत रुतायची, ते व्रण अजून आहेत. तुला घाई होत नसेल, मला होते.

शहाण्यासारखी वाग. जीव तुझ्यात अडकलाय, हे वेगळं लिहायला नको.

तुझा दादा,
ग्युतेक

जुमुनजिन, १४ डिसेंबर

चि. ग्युतेक यास आईचे अनेक आशीर्वाद.

आधीच सांगते, दोन्ही मुली जिवंत आहेत. आता बसून वाच.

शनिवारी टेकडीवरून आल्यावर मीरे चटईवर कोसळली. ओठ निळे. हेसुकने सरांकडे किल्ली मागितली. ते म्हणाले, नाटकं आहेत, उठेल आपोआप. हिने पुन्हा मागितली तर त्यांनी हिच्या तोंडात मारली, दात ओठात घुसला. मग आपल्या पोरीने त्यांना खांद्यावरून उचलून आपटलं आणि मागून कॉलर धरून गळा आवळला. सगळ्या मुलींनी पाहिलं. ते चटईवर थापा मारत होते, तोंड काळंनिळं झालं होतं, ही सोडेना. शेवटी त्यांनीच खिशातून किल्ली काढून फेकली. मुलींनी खण उघडून मीरेला पंप दिला.

मीरे इस्पितळात आहे, बोलायला लागली. प्योन काल मी माकूळ चिरत होते तिथे आला, गळ्याला पट्टी बांधून. मुलीने गुडघे टेकून माफी मागावी, म्हणाला. मी सुरी हातात ठेवूनच विचारलं, तिच्या मांड्या कुणी फोडल्या? कारण आदल्या रात्री तिचे मोजे मीच ओढून काढले होते. तो मागे सरकत मासळीच्या पाण्यात घसरून पडला. कुणीही त्याला उचललं नाही.

तू मात्र पळून येऊ नकोस. एकाच वेळी दोन पोरांना सोडवणं मला जमायचं नाही.

तुझी आई

जुमुनजिन, ६ मार्च १९९४

ति. दादास शि. सा. न. वि. वि.

शाळेने प्योनला घालवलं. मला वर्षभर स्पर्धा बंद. नव्या बाई सरावाआधी स्वतः विचारतात, झटके घेतलेस का म्हणून. मीरे परत आली नाही. तिची आई म्हणते, ती आता बस सुटली तरी पळत नाही. मी तिच्या घरी गेले होते, तर ती आतल्या खोलीतून बाहेरच आली नाही.

तू मागच्या पत्रात मला वाघीण म्हणालास. ते परत घे. किल्ली चटईवर पडलेली मला दिसली होती, दादा. तरी मी सोडलं नाही. प्योन पाय झाडत होता, आणि आत काय चाललं असेल ते माझ्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणूनच आवळत राहिले. मीरे सरपटत आली आणि तिने माझी बाही ओढली, तेव्हा हात सुटले. ती आली नसती तर काय झालं असतं, ते आईला विचारू नकोस. तिला माहीत नाही.

काल सरावाला पुन्हा चटईवर उतरले. श्वास छान चालला, शिट्टीसुद्धा नाही. पण समोरच्या मुलीचं नुसतं बोट हललं तरी मी गळा सोडून देते. पाचदा जिंकता जिंकता हरले. बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, अगं, तिने अजून थाप मारलेली नाही. मी म्हटलं, मला ऐकू आली.

हे सगळं वाचूनही तुझी माया उरली असेल, तर दोन ओळी पाठव.

तुझी,
हेसुक