ताज्यातवान्या रुग्णांची सुनावणी

प्रिय ताई,

तू माझ्याशी बोलणं टाकलंयस हे ठाऊक आहे, पण वाचायला कुणाची बंदी नाही. पडल्या पडल्या, थांबत थांबत लिहितेय. अक्षर जिथे उताराला लागलंय तिथे हात दमला असं समज. घरात बसून कसली दमतेस गं, असं तू म्हणणारच. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण तर तू खास माझ्यासाठीच राखून ठेवली आहेस.

तर बातमी ऐक. आमच्या या न संपणाऱ्या थकव्याच्या आजारावर संशोधन व्हावं, त्याला सरकारने पैसे द्यावेत, म्हणून आम्ही रुग्णमंडळी कधीचे मागे लागलो होतो. शेवटी पैसे मंजूर करणाऱ्या समितीने बोलावलं एकदाचं! आता आमचं शहाणपण बघ. सरकारदरबारी जायचं तर माणसात दिसायला हवं, म्हणून आठवडाभर कुणी अंथरूण सोडलं नाही. सगळा जीव त्या एका सकाळसाठी साठवला. आमच्यातले एक शाळामास्तर इस्त्रीच्या सदऱ्यात आले, आजारापूर्वी नाचाचे कार्यक्रम करणारी मैत्रीण लिपस्टिक लावून आली, मी तर चक्क केस धुतले होते. समितीसमोर बसलो ते लग्नाला निघाल्यासारखे.

अध्यक्षबाईंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, तुम्ही सगळे इतके ताजेतवाने, मग पैसे हवेत कशाला? घ्या! आपल्याच हाताने पायावर धोंडा. मला रडूच फुटलं, ताई. पैसे मिळाले नाहीत तर या आजारावर काम करणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाईंची प्रयोगशाळा बंद होणार, आणि मला नेमकं झालंय काय, हे कुणी कधीच सांगणार नाही.

पण देव पावला तो अर्थखात्याच्या साहेबांच्या रूपाने. ते काटकसरीवर बोलायला उभे राहिले ते थांबेचनात. आमची साठवण संपत आली. आधी मास्तरांनी टेबलावर मान टाकली. मग नाचणारी खुर्चीवरून घरंगळली आणि गालिच्यावरच आडवी झाली, तिच्या शेजारी मी. साहेबांना वाटलं आम्ही निषेध करतोय, म्हणून त्यांनी आणखी आवाज चढवला! घरची माणसं न्यायला येईपर्यंत समितीला आम्हाला ओलांडून चहाला जावं लागलं. दुसऱ्या दिवशी पैसे मंजूर. मागितले त्याच्या निम्मे, पण मंजूर.

आता पत्राचं खरं कारण. डॉक्टरीणबाई प्रत्येक रुग्णाचं रक्त त्याच्या सख्ख्या, धडधाकट भावंडाच्या रक्ताशी ताडून बघणार आहेत. धडधाकट म्हटल्यावर मला तुझ्याशिवाय कोण आठवणार? आई गेली तेव्हा मी आले नाही, म्हणून तू बोलणं टाकलंस. चपला घालून दारापर्यंत पोचले होते गं, तिथेच खाली बसले, उठताच आलं नाही. तुला ते खोटं वाटलं, आणि खरं करून दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून ये. तुझ्या-माझ्या रक्तात फरक निघाला तर माझ्यावर विश्वास ठेव. आणि नाहीच निघाला, तरी चार दिवस राहून जा.

तुझीच,
धाकटी