टोरीचं तेल आणि अडीच वर्षांची सर्दी

५ ऑक्टोबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन चार महिने झाले. मोहाडीच्या ऑफिसात एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली, एक कागद गहाळ झाला नाही. नोंद ठेवली की माणसाची गडबड होत नाही.

तब्येत ठीक. थोडी सर्दी. जाईल.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ

रुपाचा फोन, नागपूरहून. मे महिन्यात लग्न झालं, म्हणजे यंदा पहिली दिवाळी, जावयाचा दिवाळसण आपल्याकडे. विचारलं, अंगठी घेऊ का घड्याळ? ती म्हणे, काही नको बाबा. आई दिवाळीच्या आंघोळीले तेल करत होती ना, वाळ्याचं, ते असू द्या. घरभर वास सुटत होता. आई नाही, तो वासही नसला तं मी त्या घरी कायले येऊ?

मी म्हटलं, होऊन जाईल.

बोलणं मनाले लागलं का? नाही. मामला सोपा आहे. तेल पाहिजे, तेल करू.

६ ऑक्टोबर

रुपाची आई, चंद्रकला, मागच्या साली भादव्यात गेली. तेलाची कृती लिहून ठेवली नाही. घरात एकतीस वर्षांचा अनुभवी बाबू बसला होता, सांगितलं असतं तं मी फाईल केली असती.

कपाटात खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली सापडली. बुडाला बोटभर तेल. तिनं केलेलं शेवटचं. हेच सॅम्पल. नाकाशी धरलं. सर्दीमुळे नीट कळलं नाही.

७ ऑक्टोबर

पुन्हा धरलं. सर्दी.

८ ऑक्टोबर

वाफ घेतली. पुन्हा धरलं. हरकत नाही, वास माझ्या आठवणीत पक्का आहे. तीस वर्षं त्याच तेलानं आंघोळ केली.

नियोजन: दिवाळीले पस्तीस दिवस. आठ दिवसांत तेल तयार, बाकीचे दिवस मुरायले. चांगलं जमलं तं आमच्या करडी गावात प्रत्येक घरी एक बाटली. पुढे मोहाडीच्या बाजारात दुकान. नाव "चंद्रकला अभ्यंग तेल". दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

१० ऑक्टोबर

मोहाडीले गेलो. इश्वरच्या घाण्यावरून दोन बाटल्या आणल्या. एक मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं तेल, आंघोळीसाठी, चंद्रकला तेच वापरत होती. दुसरं करंजाचं, म्हशीले खाज सुटली आहे तिच्यासाठी. इश्वर म्हणे, बाबूजी, लाल झाकणवाली म्हशीची, ध्यानात ठेवा. अन् टोरीचं थंडीत तुपावानी गोठते, घाबरू नका, गरम पाण्यात ठेवा.

मले शिकवते. मी एकतीस वर्षं शिक्के मारले.

घरी येऊन दोन्ही बाटल्या उघडल्या. रीतसर तपासणी केली. रंग पाहिला, बोट बुडवून पाहिलं, वासही घेतला. दोन्ही उत्तम. झाकणं लावून टाकली. लाल झाकण गोठ्यात ठेवलं.

११ ऑक्टोबर, संध्याकाळ

शेजारची रंभाबाई आली. वाटीत वांग्याची भाजी घेऊन. रोजच येते, चंद्रकला गेल्यापासून एक दिवस चुकला नाही. वाटी ठेवते अन् उगाच स्वयंपाकघरात दोन मिनिटं उभी राहते. इकडे पाहते, तिकडे पाहते. आज तर दुधाचं भांडं उचलून हुंगलं अन् दूध मोरीत ओतून दिलं. म्हणे नासलं होतं. सकाळचं चांगलं दूध!

बाई विधवा आहे, मन रमत नसेल. पण मर्यादा पाहिजे.

१३ ऑक्टोबर

पहिला प्रयोग. वाळा, नागरमोथा, कचोरा, गुलाबाच्या पाकळ्या. तेल मंद आचेवर ठेवलं. पेपर वाचत बसलो.

अर्ध्या तासानं दारात आठ-दहा माणसं. कोणी बादली घेऊन. सुगंध एवढ्या लांब गेला याचं मलेच नवल वाटलं. रंभाबाई सरळ आत घुसली, गॅस बंद केला अन् ओरडली, भाऊजी, घर पेटवून राहिले का? आत थोडा धूर होता खरा.

कढईतलं काळं झालं. पण बाटलीत अर्ध्याहून जास्त तेल बाकी आहे. सरकारी कामात मी कधीच सगळा स्टॉक एकदम काढला नाही.

१५ ऑक्टोबर

दुसरा प्रयोग. गॅस नको, उन्हात मुरवायचं. बाटलीत मसाला भरून गच्चीवर ठेवलं. म्हशीले लाल झाकणवालं तेल चोळलं.

२० ऑक्टोबर

तेल गाळलं. सुगंध सौम्य आहे. वाढवला पाहिजे. कापूर टाकला.

२२ ऑक्टोबर

अजूनही सौम्य. मोहाडीहून अत्तराच्या दोन शिश्या आणून ओतल्या. वाळ्याची अन् केवड्याची.

म्हशीची खाज कमी नाही. उलट अंग चमकून राहिलं.

२४ ऑक्टोबर, दसरा

रंभाबाई सोनं द्यायले आली. तिले बाटली उघडून दाखवली. तिच्या डोळ्यात पाणी आलं, पदर तोंडावर घेऊन बाहेर गेली. चंद्रकलाची आठवण झाली असणार. दोघी मैत्रिणी होत्या.

मले काही झालं नाही. मी असाच आहे. चंद्रकला गेली तेव्हाही लोक म्हणत होते, टिकाराम रडला नाही. रडून दाखला मिळते का? तीन दिवसांत मृत्यूचा दाखला काढला, सात प्रती केल्या. रुपा तेव्हा म्हणाली होती, बाबा, तुम्हाला काही वाटते की नाही? मी तिले एक प्रत दिली.

२७ ऑक्टोबर

तेलात आणखी एक शिशी अत्तर.

३० ऑक्टोबर, संध्याकाळ

आता माझी खात्री झाली. रंभाबाई माझ्या फॉर्म्युल्याच्या मागे आहे. आज भाजीची वाटी ठेवून सरळ गॅसजवळ गेली, बटन फिरवलं अन् म्हणे, भाऊजी, चालू होतं हो, ज्योत नव्हती. शक्य नाही. मी तिथंच बसून चहा पिऊन राहिलो होतो, मले समजलं नसतं का? घरात शिरायचं निमित्त आहे. तिनं खिडक्या सगळ्या उघडल्या. मी कृतीची वही गादीखाली ठेवली.

३ नोव्हेंबर

सकाळी गारवा. धान कापणी सुरू झाली, बांधावर माणसं शाल गुंडाळून. गोठ्यात गेलो तं म्हशीचं तेल गोठून पांढरं झालं. चमच्यानं खरडून चोळावं लागलं.

माझं आंघोळीचं तेल मात्र पातळ. एक थेंब गोठला नाही! इश्वर म्हणे टोरीचं गोठते. त्याचं गोठत असेल. माझ्या प्रक्रियेनं तेलाचा स्वभावच बदलला. पेटंटची चौकशी करावी.

५ नोव्हेंबर

मोहाडीच्या झेरॉक्सवाल्याकडून लेबलं छापून आणली. "चंद्रकला अभ्यंग तेल, करडी." तीस छापली. एकच बाटली आहे, एकच लावलं.

७ नोव्हेंबर

रुपाचा फोन. म्हणे, बाबा, जमलं का हो तेल? आईसारखं?

मी म्हटलं, आईपेक्षा चांगलं. गोठत नाही.

मग म्हणे, मले फक्त आईसारखं पाहिजे.

१० नोव्हेंबर

चंद्रकलाची जुनी बाटली अन् माझी बाटली, दोन्ही एकामागून एक नाकाशी धरल्या. दोन्ही सारख्याच. प्रयोग यशस्वी.

११ नोव्हेंबर

रुपा अन् जावई योगेंद्रराव आले. रुपा दारातच थांबली, डोळे मिटले, नाकानं ओढून पाहिलं. म्हणे, काही येत नाही बाबा. मी म्हटलं, बाटली बंद आहे. उद्या पाहशील.

१२ नोव्हेंबर, नरकचतुर्दशी. लिहितो दुपारी.

पहाटे पाचले उठलो. पाणी तापवलं. पाट मांडला, रंभाबाईनं रांगोळी काढली. जावयाले तेल लावायचा मान तिलेच दिला, आईच्या जागी घरात दुसरं कोणी नाही. योगेंद्रराव पाटावर बसले. रंभाबाईनं बाटली उघडली अन् हात मागे घेतला. म्हणे, भाऊजी, दसऱ्याले कापरानं नाक भरलं, समजलं नाही, पण हे तं म्हशीचं करंजाचं होय.

मी म्हटलं, बाई, नाव वाचा.

तोवर योगेंद्ररावांनी स्वतःच ओंजळभर तेल घेऊन डोक्यावर थापलं. नवीन जावई, सासऱ्याचं मन राखायले. बाप्पा! त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी म्हणाले, छान आहे बाबा, आयुर्वेदिक वाटते.

रुपा आतून धावत आली. म्हणे, हा वास कायचा? तिनं बाटली घेतली, हुंगली, सरळ गोठ्यात गेली अन् लाल झाकणाची बाटली घेऊन आली. आत पांढरं, घट्ट, तुपावानी. म्हणे, हे टोरीचं आहे, आईचं असंच गोठत होतं. महिनाभर म्हशीले टोरीचं चोळून राहिले अन् आमच्यासाठी हे?

मी म्हटलं, झाकणं बदलली असतील. मोठी चूक नाही.

ती म्हणे, बाबा, आंधळ्याले समजते हा वास. मग माझ्याकडे पाहतच राहिली. दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं तेल दोन वाट्यांत घेतलं, गरम पाण्यावर धरलं, मले डोळे मिटायले लावले. एक वाटी नाकाखाली, मग दुसरी. सांगा, टोरीचं कोणतं?

सांगता आलं नाही.

तिनं विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, सर्दी आहे.

रंभाबाई म्हणे, पोरी, त्याइच्यावर ओरडू नको. तुह्या आईले माहीत होतं. अडीच सालाआधी त्याइले तो मोठा ताप आला, त्याच्यानंतरचंच आहे हे. एक दिवस भाजी पार करपली अन् हे चांगली झाली म्हणून जेवले, तेव्हाच तिले समजलं. दवाखान्यात जाताना माह्या हाताले धरून सांगून गेली, याइले वास येत नाही, अन् थे कबूल करणार नाहीत. माह्या माघारी रोज संध्याकाळी गॅस पाहत जाय, दूध हुंगत जाय.

योगेंद्ररावांचं डोकं धुवायले तीन बादल्या पाणी लागलं.

१३ नोव्हेंबर

रुपानं टोरीचं तेल गरम पाण्यात ठेवून वितळवलं. चंद्रकलाच्या बाटलीतलं बोटभर त्यात ओतलं. मी अडवणार होतो, सॅम्पल आहे म्हणून. अडवलं नाही. मले पाटावर बसवून तिनं माझ्याच डोक्याले लावलं. लावता लावता रडून राहिली. म्हणे, आला बाबा, आईचा वास आला.

मी म्हटलं, मले नाही येत.

हे पहिल्यांदा तोंडातून निघालं. आता इथं पण नोंद करतो. चंद्रकला गेली त्या दिवशी पेटी उघडून तिचं लुगडं नाकाशी धरून बसलो होतो. बराच वेळ. काहीच आलं नाही. समजलं होतं मले, तेव्हाच समजलं होतं. मग उठून दाखल्याच्या मागे लागलो.

रुपाले हे सांगितलं. ती तेल लावत राहिली.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ

भाऊबीज झाली, दोघं नागपूरले गेले. योगेंद्ररावांचा फोन आला, पोहोचलो. डोक्यातला कोंडा गेला म्हणे. लेबलं एकोणतीस शिल्लक. करंजाचं तेल आता म्हशीले लावून राहिलो, खाज कमी आहे.

सात वाजता रंभाबाई आली. वाटीत चवळीच्या शेंगा. ओट्याजवळ उभी राहिली, गॅसचं बटन पाहिलं. बंद होतं.

मी म्हटलं, बाई, दूधही पाहून घ्या.