रकान्यावरची रेघ

३ मार्च

ती. आत्यास खारूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला तीन आठवडे लागले, त्याला कारण काही नाही. फोनवर तू कशी आहेस विचारतेस, मी बरी आहे म्हणते, मग दोघी गप्प. त्यापेक्षा पत्र बरं.

कॉलेजचं पहिलं वर्ष संपत आलं. एकतीस तारखेपर्यंत मुख्य विषय ठरवायचा आहे. आठ विषयांची यादी ऑफिसबाहेर लागली आहे आणि तिच्यापुढे रोज गर्दी असते. मला त्या गर्दीत जायची गरज नाही. बाबा म्हणतात, प्रवेशाच्या अर्जातच आईने माझ्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्र लिहून ठेवलंय. मी बदल कळवला नाही तर तेच कायम होईल. आई वीस वर्षं हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या तपासत होती, तेव्हा तिने विचार करूनच लिहिलं असणार. मी सूक्ष्मदर्शकात बघते, दिसेल ते वहीत काढते, मार्क बरे पडतात. आवडतं का असं विचारशील तर काही वाटत नाही. वाईटही वाटत नाही. आई जाऊन सात महिने झाले, तेव्हापासून सगळं असंच आहे. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल असतो तसं. जेवते, झोपते, वर्गात जाते. काळजी करू नकोस.

खोलीतली बातमी एवढीच की माझ्या पलंगाशेजारच्या भिंतीला तडा गेलाय, खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट जमिनीपर्यंत. वसतिगृहाचे दुरुस्तीवाले काका येऊन बघून गेले. त्यांनी तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवली, दोन्ही टोकं प्लास्टरने भिंतीला पक्की केली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. भिंत हलत असेल तर काच फुटते, नाहीतर तडा जुना समजून नुसता बुजवायचा. अजून फुटलेली नाही. मी रोज सकाळी बघते.

दुकानाचं कसं चाललंय ते लिही. माझ्यावर रागावली नसशील असं धरून चालते.

तुझी खारू


८ मार्च

चि. खारूस आत्याचे पुष्कळ आशीर्वाद.

तीन आठवड्यांनी पत्र, आणि त्यात निम्मं भिंतीबद्दल. असो. नमनाला घडाभर तेल नको.

काही वाटत नाही हे मी समजू शकते. वहिनी गेल्यावर मीही महिनाभर गिऱ्हाइकांशी यंत्रासारखी बोलत होते. पण काही करावं लागत नाही म्हणून जन्माचा विषय गळ्यात पडू द्यायचा, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. तीस वर्षं मी लोकांचे डोळे तपासून चष्मे करून देते. खुर्चीत बसलेल्या माणसाला तुमचा नंबर किती असं विचारलं तर तो काय सांगणार, कपाळ? मी एक भिंग लावते, मग दुसरं लावते आणि यातलं बरं कोणतं एवढंच विचारते. बरं असेल ते ठेवायचं, पुढचं लावायचं. नंबर आपोआप निघतो. तू आठ विषयांच्या आठ चिठ्ठ्या कर आणि दोन-दोन समोर ठेव. रोज तीन तास कशापाशी बसवेल ते बघ. पंचविसाव्या वर्षी त्यावर काय काम मिळेल तेही बघ. एकाला धरून दुसरं सोडू नकोस, पुढे दोन्ही लागतात.

तुझा बाबा परवा येऊन दुकानाची पाटी नव्याने रंगवून गेला. अख्खी सकाळ वरची रेघ ओढण्यात घालवली. सगळ्या गावाच्या पाट्या रंगवून झाल्या तरी आधी रेघ आणि मग तिला अक्षरं टांगायची, हा त्याचा हट्ट काही सुटत नाही. वहिनी असती तर खुदकन हसली असती. तिच्या अक्षरांवर रेघ औषधालासुद्धा सापडायची नाही. मी चिडवलं की म्हणायची, घाईत निघाली हो बिचारी अक्षरं, टोप्या घरीच राहिल्या. तिची पत्रं कपाटात आहेत. हवी असतील तर पाठवते.

इकडची माया आहे तेवढीच आहे, तिकडची अधूनमधून कळवत जा.

तुझी आत्या


१४ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

चिठ्ठ्या केल्या. दोन दिवस ठेवून बघितल्या. गणित आणि भौतिकशास्त्र सारखंच वाटलं. वनस्पतिशास्त्र आणि रसायन, तेही सारखंच. शेवटी सूक्ष्मजीवशास्त्र आणि भूशास्त्र उरले, ते ढिगाच्या तळाशी होते म्हणून. सगळ्या चिठ्ठ्या खणात टाकून दिल्या. तुझी युक्ती चांगली आहे, गिऱ्हाईकच बिनकामाचं निघालं. आता राहू दे हा विषय.

काच शाबूत आहे. कालपासून उजव्या टोकाला केसाएवढी रेघ दिसत होती. तू दिलेल्या भिंगातून बघितली तर ती प्लास्टरला होती, काचेला नव्हती. काका म्हणाले की दोष भिंतीचा नाहीच, खालच्या मातीचा आहे. चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, इमारत तिच्याबरोबर वरखाली होते. किती खोलपर्यंत असं होतं ते मी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. ग्रंथालयात दोन पुस्तकं मिळाली, पण दोन्हींत आकडे वेगळे आहेत, कारण म्हणे जागेजागेची माती वेगळी. म्हणून मागच्या अंगणातली मूठभर माती बाटलीत घातली, वर पाणी ओतून हलवली आणि खिडकीत ठेवली. तळाशी वाळू लगेच बसली. तिच्यावरचा थर बसायला संध्याकाळ झाली. सगळ्यात वरचं पाणी आज चौथ्या दिवशीही गढूळ आहे. खोलीतली मैत्रीण म्हणते, ही घाण फेकून दे. मी तिला थांब म्हटलंय.

आईची पत्रं नकोत. तुझ्याकडेच असू देत.

तुझी खारू


१८ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

तू सरळ विचारलंस म्हणून सरळ सांगतो. अर्ज खारूच्या आईने पलंगावर बसून भरला होता, पण विषयाचा रकाना कोरा सोडला होता. ती गेल्यावर पंधराव्या दिवशी कॉलेजातून निरोप आला की रकाना रिकामा आहे, भरून जा. तेव्हा पोर दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तिला काय विचारणार? मी एकटाच गेलो. समोर अर्ज आला, त्यावर वरपासून खालपर्यंत हिचंच अक्षर. मी हिच्याच अक्षरात सूक्ष्मजीवशास्त्र लिहून दिलं. दुसऱ्याचं अक्षर उतरवणं हे माझ्या हातचं काम आहे. घरी येऊन खारूला सांगितलं की आईनेच लिहून ठेवलंय. वाटलं, तिला धरायला काहीतरी होईल.

आता खरं कोणत्या तोंडाने सांगू? प्रयोगशाळेत ओळखी आहेत, नोकरीची सोय होईल, मग बिघडलं कुठे? झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. तू तिला काही लिहिणार नाहीस एवढा शब्द दे.

परवा एका दवाखान्याची पाटी तीनदा पुसून लिहावी लागली. हात ठीक आहे, लक्ष लागत नाही.

तुझा भाऊ


२२ मार्च

चि. खारूस आत्याचे आशीर्वाद.

विषय राहू दे म्हणालीस, पण मी कुणाचं ऐकते? गिऱ्हाईक प्रत्येक भिंगाला सारखंच म्हणायला लागलं की मी ओळखते. ते समोरची अक्षरं बघतच नसतं. मला कोणतं उत्तर हवंय, ते माझ्या चेहऱ्यावर शोधत असतं.

म्हणून तुझी दोन्ही पत्रं पुन्हा काढून वाचली. सूक्ष्मजीवशास्त्रावर काय ते बघते, काढते, मार्क पडतात. भिंतीवर मात्र ही एवढी पानं. काच, प्लास्टर, माती, बाटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी विषय सांगत नाही, सांगणारी मी कोण? एक इमारती बांधणारा माझ्याकडे चष्मा करायला येतो, त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, पाया खणण्याआधी जमिनीत भोक पाडून खालची माती काढतात आणि कुठवर जायचं ते सांगायला भूशास्त्राची माणसं लागतात. अशी माणसं वेळेवर मिळत नाहीत म्हणून तो कुरकुरत होता. दिवसभर उन्हात उभं राहावं लागतं आणि महिना महिना घर दिसत नाही, हेही त्यानेच सांगितलं. तुला कळलेलं बरं.

आणखी एक. एकतीसच्या आत ऑफिसात जा आणि तो अर्ज स्वतःच्या हातात घेऊन बघ. गिऱ्हाईक कितीही खात्रीचा जुना कागद घेऊन आलं तरी मी डोळे पुन्हा तपासते. याहून जास्त काही लिहायचं नाही असा शब्द दिलाय, म्हणून थांबते.

बाटली फेकू नकोस.

तुझी आत्या


२९ मार्च

ती. बाबांस खारूचा सा. न. वि. वि.

काल ऑफिसात जाऊन अर्ज बघितला. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळीकडे आईचं अक्षर, बिनटोप्यांचं. विषयाच्या रकान्यातही तिचंच अक्षर होतं. तिचा डावीकडे कललेला स, तिचा अर्धवट सोडलेला व. फक्त वर रेघ होती, पट्टीने ओढल्यासारखी सरळ. तेवढी एक तुमच्या हाताला आवरली नाही.

मला राग आला नाही. बाकावर बसले. आधी हसू आलं, मग रडू आलं आणि ते थांबेना. कारकूनबाई पाणी घेऊन आल्या. त्यांना वाटलं मी नापास झाले. रकाना कोरा आला होता म्हणून तुम्ही इथेच येऊन भरून दिलात, हे त्यांनीच सांगितलं. आई गेल्यापासून मी रडलेच नव्हते, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ऑफिसच्या त्याच खिडकीशी उभं राहून आईसारखं लिहायचा प्रयत्न करताय, असं डोळ्यासमोर आलं आणि फार दुखलं. अजून दुखतंय. पण बधिर असण्यापेक्षा हे बरं आहे.

बदलाचा अर्ज घेतला आणि भूशास्त्र लिहिलं. फार आवडतं असं अजून म्हणता येत नाही. मात्र बाटलीतलं पाणी किती निवळलं ते बघायला मी सकाळी उठते, सूक्ष्मदर्शकासाठी तशी कधी उठले नाही. या विषयावर काम काय मिळतं ते आत्याने विचारून कळवलंय, तेही चालण्यासारखं आहे. प्रयोगशाळेतल्या तुमच्या ओळखी वाया जातील, त्याला इलाज नाही.

भिंतीवरची काच आज सकाळी फुटली. काका आता पाया उकरून बघणार आहेत. मी तिथे उभी राहायची परवानगी काढली आहे.

एकच विचारायचं आहे. आईने तो रकाना कोरा का सोडला होता? त्या वेळी ती काही बोलली असेल तर तिच्याच शब्दांत लिहा. मला वाईट वाटेल म्हणून बदलू नका.

तुमची खारू


३ एप्रिल

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

माझं चुकलं.

रकाना राहिलाय असं मी तिला दाखवलं होतं. ती म्हणाली, तो मुद्दाम सोडलाय. पोरीला विचारलं की ती तूच सांग म्हणेल, लहानपणापासून तशीच आहे. तेव्हा आपण काहीएक सांगायचं नाही, तिचं तिला सुचेपर्यंत गप्प बसायचं. महिने लागले तरी चालतील.

मग पेनला टोपण लावून माझ्याकडे बघत म्हणाली, पण तुम्हाला तेवढं जमायचं नाही.

तुझे बाबा