होप आणि एक्स्पेक्ट

कार्तिक व. ३, सोमवार
साथीपायी शाळेला कुलूप. इंग्रजी येतं म्हणून मला गावाबाहेरच्या प्लेगच्या छावणीत दुभाष्या नेमलंय. डॉ. साहेबांना मराठी येत नाही. सा.ची ताकीद: मी बोलेन तेवढंच सांगायचं, पदरचं काही नाही. नातेवाईक दोरीपलीकडं उभे. सगळ्यांचा प्रश्न एकच, माणूस वाचेल का. सा.चं उत्तर एका वाक्याचं.

व. ५, बुधवार
सा. काहींना 'आय एक्स्पेक्ट' म्हणतात, काहींना 'आय होप'. एक्स्पेक्टवाले उठून बसताहेत. होपवाल्यांपैकी कुंभाराचा म्हातारा काल गेला, तेलीण आज. वर्गात दोन्हींना 'आशा' चालून जायचं. इथं नाही चालत.
शेवटी सा.ना विचारलं. म्हणाले, ताप उतरताना दिसला तरच एक्स्पेक्ट म्हणतो. होप म्हणायला काही दिसावं लागत नाही.

व. ६, गुरुवार
हुसेनभाई अत्तारांची बायको आत आहे. एकुलती मुलगी पन्हाळ्याला सासरी, पहिलटकरीण, सातवा महिना. तिला आणायला ते गाडी ठरवून आले होते. सा. म्हणाले, आय होप. मी सांगितलं, साहेबांना आशा आहे. हु.चा चेहरा खुलला. मग पोरीला कशाला ताण, म्हणून गाडी परत पाठवली. मी गप्प. ताकीद आहे ना!  माणसानं कशाच्या जोरावर ठरवायचं?

व. ७, शुक्रवार
पुन्हा होप. हु. दोरीला भिडून उभे. "मास्तर, एवढंच सांगा की. पोरीला आणू का नको? आणली तर साथ तिला धरंल. न्हाय आणली तर आईचं त्वांड दिसायचं न्हाय."
मी म्हणालो, "वाचाव्यात असं साहेबांना वाटतं. वाचतील असा भरवसा नाही."
हु.नी टोपी काढली, तिनंच तोंड पुसलं आणि गाडीवाल्याकडं गेले.
सा.नी विचारलं, माझ्या एवढ्याशा वाक्याचं इतकं लांब मराठी कसं झालं? म्हटलं, आमच्यात त्याला इतके शब्द लागतात. 

व. ८, शनिवार
सकाळी हु.च्या बायकोचा ताप उतरला. पाणी मागितलं. सा. पहिल्यांदाच म्हणाले, आय एक्स्पेक्ट. ऐकायला हु. दोरीपाशी नाहीत, कालच गाडी घेऊन पन्हाळ्याला गेलेत.
पोरगी गाडीत बसली असेल. सातव्या महिन्यात, साथीच्या तोंडी, माझ्या शब्दावर. खरं तेच सांगितलं होतं. 
गाडी अडवायला छावणीतला घोडेस्वार पन्हाळ्याच्या वाटेवर धाडलाय. मी सगळं सांगितल्यावर सा.नीच धाडला. ताकिदीची आठवण काढली नाही. संध्याकाळ झाली, स्वार परतलेला नाही. आत्ता सा. येऊन गेले, त्याला गाडी गाठता येईल का म्हणाले.
आय होप, म्हणालो.